धनमित्राचे धन कोणाचे?

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुन्तला'च्या सहाव्या अंकात एक प्रसंग आहे. शकुंतलेच्या विरहाने व्याकूळ झालेला दुष्यंत उद्यानात बसला आहे. राजकाजात त्याचे मन नाही. अशा वेळी अमात्याचे पत्र येते. धनमित्र नावाचा, समुद्रमार्गे व्यापार करणारा एक सार्थवाह नौका बुडून मरण पावला आहे. त्याला अपत्य नाही, सबब त्याची सारी संपत्ती राजकोषात जमा होते, असा अमात्याचा अभिप्राय. कागद तयार आहे, केवळ राजाची संमती तेवढी हवी.

दुष्यंताने मान डोलावली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता. कायदा त्याच्या बाजूने होता आणि कोषात मोठी भर पडणार होती. परंतु तो संमती देत नाही, प्रश्न विचारतो. एवढा धनाढ्य गृहस्थ, त्याला एकाहून अधिक पत्नी असतील. त्यांच्यापैकी कोणी गर्भवती आहे काय, याची चौकशी करा. चौकशीअंती कळते की साकेतच्या श्रेष्ठींची कन्या ही त्याची पत्नी असून तिचा पुंसवन संस्कार नुकताच झाला आहे. राजा तात्काळ निर्णय देतो: पित्याच्या धनावर अधिकार त्या गर्भस्थ बालकाचा, राजाचा नव्हे.

या प्रसंगात राज्यकारभाराचे एक महत्त्वाचे सूत्र आहे. वारस पुढे आला नाही म्हणजे वारस नाही, असे राजाने गृहीत धरले नाही. साकेतची ती कन्या अर्ज घेऊन दरबारात आली नव्हती. तिच्याकडे कोणी दाखला मागितला नाही की जामीनदार मागितले नाहीत. शोध घेण्याचे दायित्व राजसत्तेने स्वतःकडे घेतले. आजच्या भारतात नेमक्या या एका सूत्राचा विसर पडला आहे आणि त्याची किंमत लक्षावधी कुटुंबे मोजत आहेत.

बेवारस नव्हे, विस्मृत

ऑक्टोबर २०२५ मध्ये गांधीनगर येथे 'आपकी पूंजी, आपका अधिकार' या देशव्यापी अभियानाचा प्रारंभ करताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक आकडा जाहीर केला. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, समभाग, लाभांश अशा विविध रूपांनी दावा न केलेली तब्बल १.८४ लाख कोटी रुपयांची संपत्ती देशात पडून आहे. एकट्या बँक ठेवींचा विचार केला, तर रिझर्व्ह बँकेकडील निधीत मार्च २०२३ अखेर ६२,२२५ कोटी रुपये होते. एका वर्षानंतर, मार्च २०२४ मध्ये, तो आकडा ७८,२१३ कोटींवर गेला. एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांची वाढ! कोणत्या व्यवसायाचा व्याप या गतीने वाढतो?

या पैशाला सरकारी परिभाषेत 'दावा न केलेल्या ठेवी' म्हणतात. बोलीभाषेत तो 'बेवारस पैसा' ठरतो. दोन्ही शब्द फसवे आहेत. हा पैसा काळाबाजार करणाऱ्यांचा नाही. काळा पैसा असा दहा-दहा वर्षे पासबुकात उघडा पडून राहत नसतो. हा पैसा बहुतांशी त्यांचा आहे, ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन तो साठवला. बदलीच्या गावी उघडलेले आणि पुढच्या बदलीत मागे राहिलेले शिक्षकाचे खाते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीची, पत्र्याच्या पेटीत तळाशी गेलेली पावती. एका नोकरीतून दुसरीत जाताना मागे राहिलेला भविष्य निर्वाह निधी. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची धुराडी थंडावली आणि हजारो कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी हिशेबाचा शेवटचा कागद पोहोचला असेल? प्रत्येक कामगाराला नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच क्रमांक मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तोवर दर नोकरीगणिक नवे खाते आणि जुन्याचा विसर, हाच क्रम होता.

या साऱ्यांना वारस आहेत, ते जिवंतही आहेत. फक्त त्यांना ठाऊक नाही आणि त्यांना ते सांगण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

कायदा काय सांगतो?

बँकिंग नियमन कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम २६ अ समाविष्ट झाले आणि २०१४ मध्ये त्याखालील योजना अमलात आली. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. या निधीचे नाव मोठे बोलके आहे: 'ठेवीदार शिक्षण व जागृती निधी'. ज्या ठेवीदाराला आपली ठेव येथे आली आहे याचीच जागृती नाही, त्याच्या पैशातून ठेवीदारांच्या जागृतीचा खर्च चालावा, यापरता विरोधाभास तो कोणता?

न्यायाने हे सांगितले पाहिजे की या निधीत गेलेली बँक ठेव बुडत नाही. ठेवीदार वा त्याचा वारस केव्हाही आपल्या बँकेकडे दावा करू शकतो. परंतु या रकमेवर मिळणारे व्याज पाहा. प्रारंभी ते ४ टक्के होते, जुलै २०१८ पासून ३.५ टक्के झाले आणि मे २०२१ पासून अवघे ३ टक्के, तेही सरळव्याज. हा निधी सरकारी रोख्यांत गुंतवला जातो आणि त्यावर याहून अधिक उत्पन्न मिळते. ज्याला आपल्या हक्काची माहिती नाही, त्याला व्याजही कमी, असा हा न्याय आहे.

कंपन्यांच्या लाभांशाची कथा याहून कठोर होती. सात वर्षे न उचललेला लाभांश 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'त जमा करण्याची तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने झाली. मात्र एकदा रक्कम तेथे गेली की मूळ मालकाला तिच्यावर दावाच सांगता येणार नाही, असेही त्याच कायद्यात लिहिले होते. 'संरक्षण' निधीने ज्याचे रक्षण करायचे, त्यालाच दार बंद! ही दुरुस्ती अटलजींच्या कार्यकाळातील आहे, म्हणून तिच्याविषयी मौन पाळण्याचे कारण नाही. चूक ती चूकच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती सुधारली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये या निधीचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाल्यावर मालकांना आपला लाभांश व समभाग परत मागण्याची वाट खुली झाली.

एक दार मात्र अजूनही बंद होण्याच्या वाटेवर आहे. टपाल खात्याच्या अल्पबचत योजना, भविष्य निर्वाह निधी, विमा यांतील दीर्घकाळ पडून राहिलेल्या रकमा २०१५ च्या वित्त कायद्यान्वये स्थापन झालेल्या 'ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी'कडे जातात. ज्येष्ठांचे कल्याण हा हेतू कोणालाही मान्य होईल. पण तेथे रक्कम गेल्यावर २५ वर्षांत कोणी दावा केला नाही, तर ती कायमची केंद्र सरकारच्या मालकीची होते. म्हणजे ज्येष्ठांच्या विसरलेल्या पासबुकांतून ज्येष्ठांचे कल्याण साधायचे आणि पाव शतकानंतर त्या पासबुकांवर सरकारचे नाव घालायचे.

डलहौसीची सावली

'वारस दिसत नाही, म्हणून सरकारजमा' हे तत्त्व महाराष्ट्राला अनोळखी नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य लॉर्ड डलहौसीने याच युक्तिवादाने गिळले. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी यांची तीच गत झाली. झाशीला दत्तक वारस होता, विधिपूर्वक घेतलेला होता. परंतु वारस कोण हे ठरवण्याचा अधिकार कंपनी सरकारने स्वतःकडे ठेवला होता आणि त्याच सरकारला खजिन्याची भूक होती. नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यातील जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात निघाले. 'खालसा' हा शब्द तेव्हापासून मराठी मनात जखमेसारखा आहे. न्यायाधीश आणि लाभार्थी एकच असला की काय होते, ते या भूमीने सोसले आहे.

इंग्रज गेले, पण त्यांची कार्यपद्धती कार्यालयांतून गेली नाही. योग्य मालकाअभावी राहिलेली संपत्ती सरकारकडे जाते, हे आपल्या राज्यघटनेच्या २९६ व्या कलमानेही मान्य केले आहे, आणि खरोखरच ज्याचे कोणीच उरले नाही त्याच्या संपत्तीची व्यवस्था कोणीतरी करायलाच हवी. आक्षेप त्या तत्त्वाला नाही. 'योग्य मालक नाही' असे ठरवण्यापूर्वी त्याचा शोध किती घेतला, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न प्राचीन भारतीय स्मृतिकारांना पडला होता. ज्याचा मालक सापडत नाही असे धन राजाने तीन वर्षे सांभाळून ठेवावे, असे मनुस्मृती सांगते. त्यासाठी दवंडी पिटून लोकांना कळवावे, असे टीकाकारांनी स्पष्ट केले आहे. अज्ञान बालकाच्या वारशाचे, तो शिकून मोठा होईपर्यंत, राजाने रक्षण करावे असेही तेथे म्हटले आहे. कौटिल्य तर याही पुढे जातो. चोराने नेलेले प्रजेचे धन शोधून देता आले नाही, तर राजाने ते स्वतःच्या द्रव्यातून भरून द्यावे, असे 'अर्थशास्त्रा'त आहे. स्मृतींतील तीन वर्षांची मुदत आज अपुरी वाटेल. तो काळ पायी प्रवासाचा आणि दवंडीचा होता. पण आधी राखण, मग उद्घोषणा आणि शेवटी अधिकार, हा क्रम त्यांनी सोडला नव्हता. मनू आणि कौटिल्य यांची नावे निघताच नाके मुरडणाऱ्या पुरोगामी विद्वानांनी एवढे तरी सांगावे, की आजच्या व्यवस्थेत दवंडी कोण पिटतो?

अमेरिकेतील कोषागारे

भारतीय परंपरेचे दाखले ज्यांना पचत नाहीत, त्यांच्यासाठी त्यांच्या आवडत्या अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे हे काम केंद्राकडे नसून घटक राज्यांकडे आहे आणि अनेक राज्यांत ते राज्याचा कोषाध्यक्ष पाहतो. हा कोषाध्यक्ष बहुतेक राज्यांत लोकांनी निवडून दिलेला असतो. बँक, विमा कंपनी किंवा जुना मालक यांच्याकडे काही वर्षे पडून राहिलेली रक्कम, मालकाचा शेवटचा ज्ञात पत्ता ज्या राज्यात असेल त्या राज्याच्या कोषागारात जमा होते. बहुतेक राज्यांत मालकाला किंवा त्याच्या वारसाला ती केव्हाही परत मागता येते. पंचवीस वर्षांची टांगती तलवार नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे ते कोषागाराचे वर्तन. आयोवा राज्य १९८३ पासून 'ग्रेट आयोवा ट्रेझर हंट' नावाने मालकांचा शोध घेत आले आहे आणि त्यांची नावे प्रसिद्ध करत आले आहे. राज्याच्या जत्रेत कोषागाराचे दुकान थाटले जाते, आलेल्या माणसाचे नाव तेथेच तपासून दिले जाते. इलिनॉय राज्याने तर कायदा करून, ज्यांची ओळख सरकारी नोंदींवरून पटते त्यांना अर्जाविना धनादेश घरपोच पाठवण्यास सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये तसाच कायदा केला. ५०० डॉलरपर्यंतच्या साध्या प्रकरणांत मालकाला आधी पत्र जाते आणि नंतर थेट धनादेश. बँकेच्या तिजोरीत बेवारस राहिलेली युद्धातील शौर्यपदके सैनिकांच्या कुटुंबांना शोधून परत देण्याचे कामही ही कोषागारे करतात. पेनसिल्व्हेनियात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नावे पुढील शिक्षणासाठी १०० डॉलर बाजूला ठेवण्याची योजनाही तेच कोषागार चालवते. कर गोळा करणारी तिजोरी नागरिकाची बचत वाढवण्याचे आणि हरवलेली बचत परत देण्याचेही काम करू शकते, हे येथे दिसते.

अमेरिका म्हणजे काही रामराज्य नव्हे. डेलावेअरसारखे चिमुकले राज्य, तेथे नोंदणी झालेल्या असंख्य कंपन्यांकडील अशा पैशावर आपला अर्थसंकल्प तोलून धरते. मालकाला पुरेशी सूचना न देताच संपत्ती ताब्यात घेतली जाते, म्हणून २००७ मध्ये संघीय न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या कारभाराला स्थगिती दिली होती. त्यानंतर तेथील कायद्यात पूर्वसूचनेची तरतूद करावी लागली. लोभ तेथेही आहे. मात्र तेथे त्या लोभाला जाब विचारला जातो.

आरंभ झाला, पण...

गेल्या काही वर्षांत भारतात काहीच घडले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. २०२३ च्या जून ते सप्टेंबर या काळात रिझर्व्ह बँकेने प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक बँकेच्या सर्वांत मोठ्या शंभर बेवारस ठेवींचे मालक शोधण्याची मोहीम हाती घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे शोधसंकेतस्थळ सुरू झाले आणि मार्च २०२४ पर्यंत ३० बँका त्यावर आल्या. जून २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसाठीचे पहिले शिबिर पुण्यात भरले. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मृत खातेदाराच्या वारसांचा दावा कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावा, विलंब झाल्यास बँकदराहून ४ टक्के अधिक दराने भरपाई द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिले आणि अंमलबजावणीस ३१ मार्च २०२६ ही मुदत घालून दिली.

एक सुधारणा मुंबईकर हिंदूंनी विशेष लक्षात ठेवावी. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यान्वये मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन जुन्या इलाखा शहरांत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यांच्या मृत्युपत्रांना न्यायालयाकडून प्रोबेट घेणे सक्तीचे होते. मुस्लिमांना ही अट नव्हती, ख्रिस्ती समाजालाही २००२ मध्ये त्यातून वगळले गेले. एकाच इमारतीतील दोन शेजाऱ्यांना त्यांच्या धर्मानुसार वेगवेगळा न्याय! वर्षानुवर्षे ही विषमता कोणत्याही 'सेक्युलर' पंडिताला खुपली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच रद्द केले.

हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्वतः जो हिशेब मांडला, तो पाहावा. ४७७ जिल्ह्यांत शिबिरे झाली आणि सुमारे २,००० कोटी रुपये खऱ्या मालकांच्या हाती गेले. १.८४ लाख कोटींतील दोन हजार कोटी म्हणजे शंभरातील जेमतेम एक रुपया. अभियानाचे यश नाकारायचे नाही, परंतु उरलेले नव्याण्णव रुपये शिबिरांनी परत जातील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. कारण शिबिराला तोच येतो, ज्याला आपले काही हरवले आहे हे ठाऊक असते.

कल्पना करा, पती निवर्तलेली एक साठीची गृहिणी आहे. घरातील आर्थिक व्यवहार तिने कधी पाहिले नाहीत. 'उद्गम'वर शोध घ्यायचा तर नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख यांसारखा तपशील हवा. शोधातून बँकेचे नाव कळले की त्या बँकेच्या शाखेत जायचे. विम्यासाठी दुसरे दार, म्युच्युअल फंडासाठी तिसरे, समभागांसाठी चौथे. प्रत्येक दारी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, हमीपत्र. तिसऱ्या हेलपाट्याला ती थकते आणि 'नशिबात नव्हते' म्हणून घरी बसते. तिच्या त्या हताश वाक्यालाच आपली व्यवस्था 'दावा न केलेली रक्कम' असे नाव देते.

घेताना डोळस, देताना आंधळे

आधार, पॅन आणि भ्रमणध्वनी यांच्या जोडणीतून सरकारला आज कोणता नागरिक कोठे आहे हे ठाऊक असते. व्याजावरील कर कापताना पॅन बरोबर सापडतो. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेने ५० कोटींहून अधिक खाती उघडली. वर्षाला ६,००० रुपयांचे साहाय्य थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, मध्ये कोणी दलाल नाही. ज्या राज्ययंत्रणेने हा पराक्रम करून दाखवला, तिला नाशिकच्या शाखेत अडकलेले अकरा हजार रुपये खातेदाराच्या इचलकरंजीतील मुलीपर्यंत पोहोचवता येत नाहीत, यावर कोण विश्वास ठेवील? प्रश्न क्षमतेचा नाही, इच्छेचा आहे.

निवृत्त कर्मचाऱ्याकडून दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला घेतला जातो. तो जिवंत आहे याची दरवर्षी खातरजमा होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय पातळीवरील नोंदीची तरतूद झाली. मृत्यूची वार्ता निवृत्तिवेतन थांबवण्यासाठी पोहोचते, शिधापत्रिकेवरील नाव कमी करण्यासाठी पोहोचते. मग तीच वार्ता बँकेला पोहोचून, बँकेने नामनिर्देशित व्यक्तीला 'आपल्या नावे येथे अमुक रक्कम आहे' असे पत्र पाठवण्यात अडचण ती कोणती?

बँकांची दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, भामटे पैसे लाटतील. दुसरे, ठेवीदारच निष्काळजी. पहिल्याचे उत्तर असे, की भामट्यांना रोखण्यासाठीच ओळख पटवण्याची साधने उभी केली. छोट्या रकमांत ती वापरून पैसा मालकाच्या प्रमाणित खात्यात थेट गेला, तर मधला दलाल उरतच नाही. दुसरे उत्तर अधिक संतापजनक आहे. कर्जाचा एक हप्ता थकला की बँकेचा माणूस पत्ता हुडकत दारात उभा राहतो. ठेवीदाराचा पत्ता मात्र त्याच बँकेला दहा वर्षे सापडत नाही!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मालकाचा शोध घेणे हे बँक आणि सरकार यांचे वैधानिक दायित्व ठरावे. ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम, ओळख पटताच, अर्जाविना खात्यात जमा व्हावी. बँका, विमा, समभाग, टपाल खाते या सर्वांसाठी एकच खिडकी असावी, आणि ती केवळ संगणकाच्या पडद्यावर नव्हे, तर प्रत्येक जिल्ह्याच्या कोषागार कार्यालयात असावी. निवृत्तिवेतनधारकांना परिचयाचे असलेले ते कार्यालय या कामासाठी योग्य आहे. पडून राहिलेल्या ठेवीवर निधीच्या प्रत्यक्ष उत्पन्नाइतके व्याज मिळावे. आणि २५ वर्षांनंतर रक्कम सरकारजमा करणारी तरतूद रद्द व्हावी. स्वतंत्र भारताच्या कायद्यात डलहौसीच्या विचाराला जागा असता कामा नये.

उंबरठ्याच्या आतील प्रश्न

सरकारला जाब विचारताना मध्यमवर्गाने आपल्या घरातही डोकवावे. अनेक सुशिक्षित कुटुंबांत आजही पासबुके आणि पावत्या कर्त्या पुरुषाच्या कपाटात कुलूपबंद असतात. पत्नीला पगाराचा आकडा ठाऊक नसतो, विम्याची रक्कम ठाऊक नसते. 'तिला काय कळते' या शब्दांत विषय मिटवला जातो. जी स्त्री महिन्याच्या खर्चातून चार पैसे वाचवून ते डब्यात ठेवते, तिला बचत कळत नाही असे म्हणणे हा तिचा अपमान आहे. स्त्रीधनाचा स्वतंत्र अधिकार मानणाऱ्या परंपरेला तर हे मुळीच शोभत नाही.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. नामनिर्देशित व्यक्ती ही सहसा रकमेची मालक नसते, ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये आणि समभागांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नामनिर्देशन हवेच, पण त्याच्या जोडीला मृत्युपत्रही हवे. मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ मानणारे घर पुढे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवते.

कार्यकर्त्यांसाठी येथे मोठे क्षेत्र आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत एक सायंकाळ या विषयाला द्यावी. घरातील सर्वांनी एकत्र बसून खाती, ठेवी, विमा, समभाग यांची एक वही करावी आणि ती कोठे आहे हे किमान दोघांना ठाऊक असावे. सेवावस्तीत जाणाऱ्यांनी आरोग्य तपासणीसारखेच 'ठेव तपासणी'चे एक टेबल मांडावे. निवृत्त बँक कर्मचारी प्रत्येक नगरात आहेत. आठवड्यातून दोन तास त्यांनी दिले, तर कित्येक माउलींचे हेलपाटे वाचतील. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांनी तर आपल्या सभासदांच्या घरोघरी जाऊन हा शोध पूर्ण करावा आणि राष्ट्रीयीकृत बँकांना धडा घालून द्यावा.

मात्र समाजाने आपले कर्तव्य केले म्हणून शासनाचे कर्तव्य कमी होत नाही. साकेतच्या त्या कन्येने अर्ज केला नव्हता, तरीही तिच्या बाळाचे धन तिच्याकडे राहिले, कारण राजाने शिक्का उमटवण्यापूर्वी चौकशी केली. 'आपकी पूंजी, आपका अधिकार' या घोषणेतील 'अधिकार' हा शब्द खरा करायचा असेल, तर ही चौकशी तीन महिन्यांच्या अभियानापुरती न ठेवता कायद्याने कायमची करावी लागेल. राष्ट्रीय विचारांच्या शासनाकडून ही अपेक्षा नाही करायची, तर कोणाकडून करायची?